पिरेनीजमधील आस गावची शीळ

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, स्पेनच्या सरहद्दीलगत, पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर ओसो नावाचे एक खोरे आहे. या खोऱ्याच्या पूर्व बाजूस, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, आस हे खेडे वसले आहे. खाली नदीकाठी लारून्स हे बाजाराचे गाव, समोर खोऱ्यापलीकडचे डोंगर आणि पाठीमागे उन्हाळी कुरणांकडे चढत जाणाऱ्या वाटा, अशी त्याची रचना आहे. कारभाराच्या दृष्टीने आस हे ओ-बॉन या कम्यूनमध्ये मोडते. कम्यून हा फ्रान्समधील स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक होय. देशात अशा सुमारे ३५,००० कम्यून आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांची कायम वस्ती आपल्याकडील एखाद्या वाडीहून फारशी मोठी नसते. ओ-बॉन हे त्यांतलेच एक. तेथील कायमच्या रहिवाशांची संख्या काही शेकड्यांत भरते.

एवढ्या लहान कम्यूनच्या मानाने ओ-बॉनची कीर्ती मोठी आहे, आणि तिला कारण तेथील पाणी. 'ओ-बॉन' या नावाचाच अर्थ 'चांगले पाणी' असा होतो. तेथील गंधकयुक्त उष्ण झरे घसा आणि छाती यांच्या विकारांवर गुणकारी समजले जात. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या साम्राज्याच्या काळात (१८५२ ते १८७०), सम्राज्ञी यूजेनी हिच्या वास्तव्यामुळे हे ठिकाण प्रतिष्ठितांचे आरोग्यधाम बनले. त्या वैभवाची साक्ष देणारी स्नानगृहे, उपाहारगृहांच्या उंच इमारती आणि फिरण्यासाठी डोंगराच्या कडेने मुद्दाम सपाट आखलेला रस्ता आजही दाखविला जातो. याच कम्यूनच्या हद्दीत गुरेत येथे बर्फावरील खेळांचे केंद्र आहे. १७०९ मीटर उंचीवरील ओबिस्क खिंडही येथलीच. १९१० मध्ये 'तूर द फ्रान्स' ही सायकलशर्यत प्रथम या खिंडीतून गेली, तेव्हापासून क्रीडारसिकांना तिचे नाव परिचित आहे. या साऱ्या गोष्टी दगडांत, नकाशांत आणि प्रवासवर्णनांत नोंदल्या गेल्या आहेत.

आस गावाचा वारसा मात्र या जातीचा नव्हता. आसचे मेंढपाळ आणि त्यांच्या घरातील स्त्रिया शीळ घालून एकमेकांशी बोलत असत. येथे 'बोलत असत' हे क्रियापद शब्दशः घ्यावयाचे आहे. दुरून आपले अस्तित्व कळविणारी हाळी, गुरे वळविणारा कुकारा किंवा धोक्याची सूचना देणारा ठराविक आवाज जगातील बहुतेक डोंगराळ प्रदेशांत आढळतो. सह्याद्रीतील गुराख्यालाही तो ठाऊक आहे. परंतु हाळीत शब्द असले तरी ते मोजके असतात, आणि कुकाऱ्यात तर शब्द नसतातच. तेथे ठराविक आवाजाला ठराविक अर्थ चिकटलेला असतो आणि अशा आवाजांची यादी लवकरच संपते. मेघालयातील कोंगथोंग या खासी गावात प्रत्येक मुलासाठी आई एक सुरावट रचते आणि तीच त्या मुलाचे नाव म्हणून वापरली जाते. ही प्रथा मोठी मनोज्ञ आहे. पण तीही या प्रकारात बसत नाही, कारण ती सुरावट कोणत्याही उच्चारित शब्दाचे रूपांतर नसते. आसमध्ये जे होते ते वेगळे होते. तेथे रोजच्या बोलीतील वाक्य, त्याच शब्दांनी आणि त्याच क्रमाने, शिळेत उतरविले जाई. हवापाणी, जनावरे, गवताची कापणी, घरून हवा असलेला जिन्नस, अशा नित्याच्या व्यवहारासंबंधी पूर्वी कधीही न योजलेले वाक्यही शीळ घालून सांगता येई आणि दोन ते तीन किलोमीटरवर असलेल्या माणसाला ते समजे.

या शिळेचे पहिले पद्धतशीर ध्वनिशास्त्रीय वर्णन १९६० च्या आगेमागे झाले. ते करणारा रेने-गी ब्यूस्नेल (१९१४–२०१७) हा मुळात भाषाशास्त्रज्ञ नव्हता. प्राणी ध्वनीच्या साहाय्याने परस्परांशी संपर्क कसा साधतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. त्याच्याबरोबर काम करणारांत अब्राहम मोल हा माहितीसिद्धांताचा अभ्यासक होता आणि बर्नार व्हालांसियँ हा स्वरयंत्राच्या विकारांचा वैद्य होता. या तिघांनी आसच्या शिळेसंबंधीचा आपला निबंध १९६१ मध्ये हेलसिंकी येथे भरलेल्या ध्वनिशास्त्राच्या चौथ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला आणि १९६२ मध्ये तो परिषदेच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाला. एका मेंढपाळी खेड्यातील भाषिक व्यवहाराची शास्त्रीय नोंद व्हावी आणि ती करणारांत एकही व्यवसायाने बोलींचा अभ्यासक नसावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याच सुमारास तूलूझ विद्यापीठात जाँ सेगी याच्या मार्गदर्शनाखाली गास्कोन प्रदेशाच्या भाषिक नकाशासंग्रहाचे प्रचंड काम चालू होते. त्याचे सहा खंड १९५४ ते १९७३ या काळात प्रसिद्ध झाले. बोलीभूगोलाच्या इतिहासात या संग्रहाचे स्थान मोठे आहे. परंतु बोलीभूगोलाची प्रश्नावली शब्द विचारते आणि शब्दाचा उच्चार टिपते. तोच शब्द समोरच्या डोंगरापर्यंत कसा पोहोचविला जातो, हा प्रश्न तिच्या चौकटीत सहसा येत नाही.

ब्यूस्नेलच्या पूर्वी शिळेच्या अशा वापराची माहिती अगदीच नव्हती असे नाही. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा या बेटावरील शिळेसंबंधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वेडेनफेल्ट आणि लाजार यांनी लिहिले होते. १९४८ मध्ये जॉर्ज कॉवन याने मेक्सिकोतील माझातेक लोकांच्या शिळेचे वर्णन केले आणि १९५७ मध्ये आंद्रे क्लास या ध्वनिशास्त्रज्ञाने गोमेराच्या शिळेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कॉवन आणि क्लास यांच्या निष्कर्षांत जो फरक दिसतो तो या विषयाच्या मुळाशी आहे. माझातेक ही तानयुक्त भाषा आहे. तीत सुराच्या उंचीने शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून शीळ घालणारा शब्दातील सूर तेवढा उचलतो आणि स्वरव्यंजने सोडून देतो. गोमेराची स्पॅनिश आणि आसची बेआर्नी या तानयुक्त भाषा नव्हेत. त्यांत केवळ सूर उचलला तर वाक्याची प्रश्नार्थक किंवा विधानात्मक चाल कळेल, शब्द कळणार नाही. त्यामुळे अशा भाषांत शिळेला स्वरव्यंजनांचाच मागोवा घ्यावा लागतो.

एकच एक सूर असलेली शीळ 'अ' आणि 'इ' यांतील भेद कसा दाखविते? याचे उत्तर स्वरांच्या घडणीत आहे. उच्चारित स्वरात स्वरयंत्राने दिलेला मूळ नाद असतो आणि मुखविवराच्या आकारानुसार त्या नादातील काही कंपनपट्टे ठळक होतात. या पट्ट्यांना ध्वनिशास्त्रात फॉर्मंट म्हणतात. त्यांपैकी दुसरा फॉर्मंट जिभेच्या पुढेमागे होण्याशी विशेष निगडित आहे. 'इ' उच्चारताना जीभ पुढे उचललेली असते आणि हा पट्टा दर सेकंदास २००० कंपनांच्या वर जातो. 'उ' उच्चारताना जीभ मागे असून ओठ गोल होतात, तेव्हा तो १००० च्या खाली उतरतो. 'अ', 'ए' आणि 'ओ' यांची स्थाने या दोन टोकांच्या मध्ये येतात. शीळ घालणारा मनातल्या मनात शब्द उच्चारत जिभेला जवळजवळ त्याच जागी नेतो. तेथे उत्पन्न होणारा शिळेचा सूर साधारणपणे या दुसऱ्या फॉर्मंटच्या चढउताराप्रमाणे चढतो-उतरतो. 'इ'ची शीळ सर्वांत उंच, 'उ' आणि 'ओ'ची सर्वांत खालची. अर्थात हे सारे कोष्टक मनाशी बांधून कोणी शीळ घालीत नाही. मुखाचा भाग बोलताना जे करतो तेच शिळेत करू पाहतो आणि उरलेले काम ध्वनीच्या नियमांनी होते.

व्यंजनांची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. व्यंजन हे शिळेत स्वतंत्र ध्वनी म्हणून ऐकू येत नाही. शेजारच्या स्वराचा सूर कोठून येतो, कोणीकडे वळतो आणि मध्ये खंडित होतो की नाही, यावरून ते ओळखायचे असते. दंत्य आणि तालव्य व्यंजनांजवळ सूर वर खेचला जातो, ओष्ठ्य आणि कंठ्य व्यंजनांजवळ तो खाली झुकतो. स्पर्शवर्ण असेल तर क्षणभर शांतता पडते, प्रवाही वर्ण असेल तर सूर नुसता लवतो. गोमेराच्या शिळेचा सर्वांत कडक हिशेब रामोन त्रुहियो याने १९७८ मध्ये मांडला. त्याच्या मते तीत फक्त दोन स्वर आणि चार व्यंजने ऐकणाऱ्याला खात्रीने वेगळी काढता येतात. उंच किंवा खालचे, आणि अखंड किंवा खंडित, एवढ्या दोन भेदांतून ती चार व्यंजने निघतात. पुढच्या अभ्यासकांना, विशेषतः झ्युलियँ मेयेर याला, हा हिशेब फार कडक वाटला आणि कुशल व्यक्ती याहून अधिक स्वर ओळखतात असे दिसून आले आहे. तरीही बोलीतील अनेक भेद शिळेत वितळून जातात, याविषयी दुमत नाही.

नेमके काय वितळते ते मराठी उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. शिळेत स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून घोष आणि अघोष यांतील भेद क्षीण होतो. नाकावाटे नाद जात नाही, म्हणून अनुनासिकही उरत नाही. 'मामा' आणि 'बाबा' हे दोन शब्द एकाकी रूपात शिळेने वाजविले तर त्यांतून नेमका कोण अभिप्रेत आहे हे सांगणे अवघड होईल. आसच्या पद्धतीत आणखी एक अडचण होती. तेथे तोंडात बोट घालून शीळ घालीत, त्यामुळे ओठ जागच्या जागी अडकलेले असत. 'प', 'ब', 'म' हे वर्ण तर ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. मग शिळेत ते येत कसे? ओठांनी होणारा ध्वनिपरिणाम, म्हणजे सुराचे खाली झुकणे आणि तुटणे, जीभ घडवून आणी. एका अवयवाचे काम दुसऱ्याने करावे आणि ऐकणाऱ्याला तरीही मूळ वर्ण ओळखू यावा, ही गोष्ट वर्णांच्या स्वरूपाविषयी बरेच काही सांगून जाते. उच्चारस्थानावरून वर्णांची व्याख्या करण्याची परंपरा आपल्याकडे अतिशय जुनी आहे. येथे स्थान बदलूनही वर्णाची ओळख राहते, कारण ऐकणारा ध्वनीतील विरोध टिपत असतो.

भेद इतके कमी झाल्यावर वाक्य समजते कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. सुटा शब्द शिळेने दिला तर निष्णात माणूसही पुष्कळदा चुकतो. पूर्ण वाक्य मात्र बहुधा बरोबर ओळखले जाते. मोल याच्यासारख्या माहितीसिद्धांतवाद्याला या विषयात रस का वाटला असावा हे यावरून उमगते. कोणत्याही भाषेत संदेशाच्या गरजेहून अधिक खुणा पेरलेल्या असतात. काही खुणा गळाल्या तरी उरलेल्यांवरून, शब्दक्रमावरून आणि प्रसंगावरून ऐकणारा रिकाम्या जागा भरतो. कुजबुजीतही स्वरयंत्राचा नाद नसतो आणि तरी बोलणे कळते. शिळेत हीच क्रिया पुष्कळ पुढे नेलेली असते. मोबदल्यात अंतर मिळते. कुजबूज हातभर अंतरावर संपते. ओरडणे काहीशे मीटरपर्यंत जाते, पण त्यात घसा ताणला जाऊन स्वरांचा आकारच बिघडतो. शिळेची सर्व शक्ती एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते आणि तो पट्टा साधारणतः दर सेकंदास १००० ते ४००० कंपनांचा असतो. माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि वारा व वाहते पाणी यांच्या आवाजाचा जोर बहुतांशी त्याखाली राहतो. घशाच्या रोग्यांनी गजबजलेल्या आरोग्यधामाच्या माथ्यावर माणसे घशाला मुळीच तसदी न देता कोसभर बोलत होती, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

आता ज्या बोलीवर ही शीळ उभी होती तिच्याकडे वळले पाहिजे. बेआर्नी ही गास्कोनची एक शाखा, आणि गास्कोन ही दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषासमूहातील. लॅटिनपासून येताना गास्कोनने काही वाटा अगदी वेगळ्या धरल्या. शब्दारंभीच्या 'फ'चा तीत 'ह' झाला आणि स्वरांमधला 'न' लोपला. त्यामुळे लॅटिन 'फारिना' (पीठ) या शब्दाचे रूप 'हारिओ' असे काहीसे ऐकू येते. कोंबडीवाचक 'गाल्लिना'चे रूप 'गारिओ' होते, कारण दुहेरी 'ल'चा 'र' झाला. विधानार्थी क्रियापदापूर्वी 'के' हा निपात ठेवण्याची लकबही याच बोलीची. बेआर्न हे १६२० पर्यंत स्वतंत्र सत्ता असलेले संस्थान होते, आणि त्याच्या दप्तराची भाषा बेआर्नी होती. राजकारभारात फ्रेंच सक्तीची करणारे १५३९ चे फर्मान या मुलखाला लागू नव्हते. ओसो खोऱ्याला तर १२२१ पासून स्वतःची लिखित सनद होती. खोऱ्यातील गावे कुरणांचे हक्क सामाईकपणे सांभाळीत. उन्हाळ्यात मेंढ्या वर डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली मैदानात नेत. मेंढपाळ महिनोन्‌महिने वरच्या झोपड्यांत राहून चीज करीत आणि घरचा संसार खाली चाले. एकाच घराचे दोन भाग असे डोंगराच्या दोन टोकांना विभागलेले असल्यावर त्यांच्यामध्ये बोलण्याची काही सोय हवीच होती. आसमध्ये स्त्रियाही शीळ घालण्यात तरबेज होत्या, याचे कारण या व्यवस्थेत शोधावे लागते. कारण संभाषणाचे एक टोक गावात, म्हणजे बहुधा त्यांच्याकडे असे.

ही शीळ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपली. ब्यूस्नेल आसला पोहोचला तेव्हाच ती जाणणारे मोजके आणि वयस्क लोक उरले होते, आणि शतक संपता संपता तेही गेले. तिच्या ऱ्हासाचे स्पष्टीकरण सहसा रस्ता, मोटार आणि टेलिफोन यांच्या आधारे केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ला गोमेरा बेटावरही टेलिफोन आला, तेथूनही लोक कामधंद्यासाठी बाहेर पडले, आणि तेथील शीळ मरणपंथाला लागली होती. तरी १९९९ मध्ये ती बेटावरील शाळांत सक्तीचा विषय म्हणून आली, तेव्हा तिला उचलून धरणारे जाणकार शिल्लक होते. २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांतील कुश्कॉय या गावची शीळ २०१७ मध्ये तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत आली. तीही तेव्हा जिवंत होती. आसची शीळ यांपैकी कोणत्याही यादीची वाट पाहू शकली नाही.

गोमेराचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे हा फरक अधिकच कोड्यात टाकतो. त्या बेटाचे मूळ रहिवासी उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषांशी नाते असलेली भाषा बोलत आणि तिच्यातच शीळ घालीत, असे सामान्यतः मानले जाते. पंधराव्या शतकात स्पॅनिश सत्ता आली, मूळ भाषा लोपली, आणि शीळ मात्र स्पॅनिशवर जाऊन बसली. शीळ ही स्वतंत्र भाषा नसून भाषेची एक अवस्था असल्यामुळे असे स्थलांतर शक्य होते. मग आसची शीळ बेआर्नीवरून फ्रेंचवर का गेली नाही? फ्रेंच शिळेला अनुकूल नाही, असे उत्तर कोणी देऊ पाहील तर ते टिकणारे नाही. फ्रेंचमध्ये ओठ गोल करून उच्चारावयाचे पुढचे स्वर आहेत हे खरे. पण तसा स्वर बेआर्नीतही आहे, आणि आठ स्वरांची तुर्की भाषा तर तशा स्वरांसह कुश्कॉयमध्ये उत्तम रीतीने शिळेत उतरते. ध्वनिशास्त्राच्या बाजूने फ्रेंचला कोणतीही आडकाठी नव्हती.

उत्तर कालक्रमात सापडते. गोमेरामध्ये भाषा बदलली, पण शेळ्यामेंढ्या, दऱ्या आणि एका दरीतून दुसरीत निरोप धाडण्याची निकड तशीच राहिली. त्यामुळे शिळेची परंपरा दोन भाषांमधून अखंड वाहू शकली. आसमध्ये दोन्ही आधार एकाच वेळी निखळले. १८८१–८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले आणि त्याचे माध्यम एकमेव फ्रेंच ठरले. शाळेत 'पातुआ', म्हणजे गावंढळ बोली, बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. पुढे दोन महायुद्धांनंतर खेड्यांतील तरुण शहरांकडे गेले आणि कुरणांवरील माणसांची संख्या घटली. घरात बेआर्नी बोलणारे आईबाप मुलांशी फ्रेंचमध्ये बोलू लागले. मुलाला बेआर्नी कळत असली तरी त्याला त्या भाषेतून काही सांगण्याचा प्रसंग आला नाही, आणि फ्रेंच आत्मसात झाली तोवर डोंगरावरून काही सांगण्याचा प्रसंग उरला नाही. पिढ्यांमधील हा सांधा जुळता तर कदाचित आज आसमध्ये फ्रेंच शीळ ऐकू आली असती. रस्त्याने आणि टेलिफोनने शिळेची गरज काढून घेतली. पण गरज सरलेल्या कितीतरी गोष्टी हौसेने टिकतात. हौसेलाही ज्या भाषेत रुजावे लागते ती शाळेने आधीच अप्रतिष्ठित करून ठेवली होती.

कायद्याची भाषा यानंतर पालटली. १९५१ च्या कायद्याने ऑक्सितान, ब्रेतों, बास्क आणि कातालान या भाषा शाळेत ऐच्छिक म्हणून शिकविण्यास प्रथम मुभा मिळाली. १९७९ मध्ये बेआर्नची राजधानी पो येथे ऑक्सितान माध्यमाची पहिली 'कालांद्रेता' शाळा लोकांच्या पुढाकाराने सुरू झाली. २००८ मध्ये फ्रान्सच्या संविधानात ७५-१ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार प्रादेशिक भाषा या फ्रान्सच्या वारशाचा भाग आहेत. मात्र २०२१ मध्ये याच भाषांतून पूर्णतः शिक्षण देण्याची तरतूद असलेल्या कायद्याचा तो भाग संविधान परिषदेने अवैध ठरविला, कारण प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. वारसा म्हणून भाषेचा गौरव करावयाचा, आणि ती ज्या व्यवहारात जगते तो व्यवहार आवरून धरावयाचा, ही विसंगती लपण्यासारखी नाही. स्नानगृहाच्या इमारतीला वारसा म्हटले की तिची डागडुजी करता येते. तीत कोणी स्नान केले नाही तरी इमारत उभी राहते. भाषेच्या बाबतीत हा न्याय लागू पडत नाही आणि तिच्या शीळरूपाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ओसो खोऱ्यात २०१० नंतरच्या दशकात शीळ पुन्हा शिकविली जाऊ लागली आहे. बेआर्नी शिकविणाऱ्या स्थानिक शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी १९६० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांचा मागोवा घेतला, गोमेरातील जाणकारांकडून बोट आणि जीभ यांचे तंत्र समजून घेतले आणि लारून्सच्या शाळेत व पो येथील विद्यापीठात त्याचे धडे सुरू केले. या उद्योगावर दोन आक्षेप संभवतात. गोमेराहून आणलेले तंत्र आसचे कसे, हा पहिला. त्याचे उत्तर वर आलेच आहे. शिळेचे तंत्र तुलनेने सर्वसामान्य आहे. ग्रीसमधील अंतिया, तुर्कस्तान आणि कॅनरी बेटे यांत ते स्वतंत्रपणे आढळते. तिला आसचे रूप देणारी गोष्ट म्हणजे बेआर्नीचे शब्द, स्वर आणि आघात. शिकणाऱ्या मुलाला 'हारिओ' हा शब्द शिळेत घालता यावयाचा असेल तर आधी तो तोंडात यावा लागतो. या अर्थाने हे वर्ग शिळेचे असले तरी मुख्यतः बोलीचेच ठरतात, आणि त्यांचे खरे मूल्य तेथेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ध्वनिफितीवर शीळ घालणारा सापडतो, ऐकणारा सापडत नाही. वर सांगितल्याप्रमाणे शिळेतील गळालेले भेद ऐकणारा आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. म्हणजे या व्यवहाराचा निम्मा भाग त्याच्या कानात आणि मेंदूत घडतो. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कारेइरास आणि त्याचे सहकारी यांनी गोमेरातील जाणकारांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शीळ ऐकताना जाणकारांच्या मेंदूतील भाषेची डावीकडील केंद्रे चेतविली जातात, आणि शीळ न जाणणाऱ्या स्पॅनिश भाषकांत तसे घडत नाही, असे त्यांना आढळले. स्पॅनिश दोघांचीही मातृभाषा होती; फरक होता तो शीळ भाषा म्हणून ऐकण्याच्या सवयीचा. आसच्या जुन्या श्रोत्यांची ही सवय कोठेही मुद्रित झालेली नाही. लारून्सच्या विद्यार्थ्यांची घरची भाषा बहुधा फ्रेंच आहे. बेआर्नी त्यांना शाळेत भेटते आणि शीळ त्यानंतर. वाक्याचा अर्धा भाग ऐकून उरलेला अर्धा आपसूक भरावा इतकी बेआर्नी अंगवळणी पडेपर्यंत त्यांची शीळ पाठ केलेल्या वाक्यांपलीकडे फारशी जाणार नाही. ती त्यापलीकडे किती गेली हे मोजण्याचे साधन उपलब्ध आहे. दोन विद्यार्थ्यांना खोऱ्याच्या दोन बाजूंना उभे करून, पूर्वी न ऐकलेले वाक्य एकाने शिळेने सांगावे आणि दुसऱ्याने ते बेआर्नीत लिहून काढावे. शीळसंभाषणाच्या अभ्यासात सुटे शब्द आणि वाक्ये यांची याच रीतीने चाचणी घेतली जाते. जुन्या ध्वनिमुद्रणांतील शीळ आणि नव्या विद्यार्थ्यांची शीळ यांच्या स्वरांची स्थाने ताडून पाहणेही त्याबरोबरच करता येण्यासारखे आहे.